काम अडलंय कुठे?

कामांच्या यादीला प्राधान्याचे शिक्के मारण्याची पद्धत आता इतकी रुळली आहे की तिच्याबद्दल कुणी प्रश्नच विचारत नाही. टोडोइस्टसारख्या ॲपमध्ये चार पातळ्या असतात, पहिलीचा झेंडा लाल. कार्स्टन डोमिनिक या खगोलशास्त्रज्ञानं २००३ मध्ये लिहायला घेतलेलं ऑर्ग-मोड साध्या मजकुराच्या फाइलीत सगळी कामं मांडून ठेवणाऱ्यांचं लाडकं आहे. त्यात ए, बी, सी ही तीन अक्षरं. ऑफिसच्या डायरीत हेच एक चांदणी काढून भागतं. पद्धत कुठलीही असो, काही महिन्यांनी यादी उघडली की चित्र तेच. एकामागून एक कामं लाल झालेली असतात, आणि ज्यांना सर्वांत आधी लाल केलं होतं तीच सर्वांत जुनी होऊन पडलेली असतात.

यावर ठरलेलं उत्तर मिळतं की माणसाला शिस्त नाही. मला हे उत्तर मान्य नाही. इतरत्र शिस्तीनं वागणारी माणसं, वेळेवर कर भरणारी, मुलांचे डबे कधी न चुकवणारी, याच ठिकाणी वर्षानुवर्षं हरत असतील, तर दोष पद्धतीत शोधायला हवा. महत्त्व आपण एखाद्या कामाला चिकटवतो आणि तिथेच थांबतो. ते काम ज्या बारीकसारीक कामापाशी अडून बसलेलं असतं, तिथपर्यंत महत्त्व पोचवण्याची सोय आपल्या पद्धतीत नसते. शिवाय ते बारीक काम पुष्कळदा दुसऱ्याच कुणाच्या अंगावर टाकलेलं असतं. माझा सगळा मुद्दा या दोन वाक्यांत आहे.

अ, ब, क हे वर्गीकरण लोकांच्या हाती दिलं ते मुख्यतः ॲलन लेकिन यांनी. १९७३ मध्ये त्यांचं वेळेवर आणि आयुष्यावर ताबा मिळवण्याविषयीचं पुस्तक आलं. ‘क’ वर्गातले कागद सरळ एका खणात टाका, कुणी विचारायला आलं तरच बाहेर काढा, असा त्यांचा सल्ला होता. दुसरी प्रसिद्ध चौकट अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांच्या नावावर खपते. १९ ऑगस्ट १९५४ रोजी इव्हान्स्टन इथे वर्ल्ड कौन्सिल ऑफ चर्चेसच्या अधिवेशनात ते बोलले. तातडीचे प्रश्न वेगळे आणि महत्त्वाचे प्रश्न वेगळे हा विचार त्यांनी तिथे मांडला, पण एका माजी कॉलेज-अध्यक्षांचा म्हणून. चार घरांची चौकट त्यांनी काढली नव्हती. ती सर्वतोमुखी झाली स्टीफन कव्ही यांच्या १९८९ च्या पुस्तकामुळे.

तातडीचं आणि महत्त्वाचं हा भेद खरा आहे, यात वाद नाही. मेंग झू, यांग यांग आणि ख्रिस्तोफर शी यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत लोकांना दोन कामांतून एक निवडायला सांगितलं होतं. एकाचा मोबदला कमी, पण मुदत लवकर संपणारी; दुसऱ्याचा मोबदला जास्त आणि मुदतही ऐसपैस. मेहनत सारखीच, दोन्ही कामं दोन्ही मुदतींत आरामात बसणारी. तरीही बऱ्याच जणांनी कमी मोबदल्याचं काम उचललं, कारण त्यावर घड्याळ टिकटिकत होतं. तातडी माणसाला भुलवते. पण तातडीला भुलू नका एवढं सांगून महत्त्वाचं काम पुढे सरकत नाही, कारण ते बरेचदा तातडीच्या कामामुळे अडलेलंच नसतं.

डेव्हिड ॲलन यांनी २००१ च्या ‘गेटिंग थिंग्ज डन’मध्ये शिक्क्यांवर पहिला मोठा घाव घातला. या क्षणी कोणतं काम करायचं हे ठरवताना आधी बघा की आपण कुठे आहोत आणि हाताशी काय आहे, मग वेळ किती आहे, मग अंगात ताकद किती आहे, प्राधान्य चौथं. आपल्याकडच्या शेतकऱ्याला हे नव्यानं सांगावं लागणार नाही. नक्षत्र काहीही म्हणो, वाफसा आल्याशिवाय पाभर शेतात घालत नाहीत. ॲलन यांचा दुसरा आग्रह त्याहून मोलाचा आहे. यादीत ‘प्रकल्प’ लिहू नका, त्यातली पुढची प्रत्यक्ष कृती लिहा. या आग्रहाकडे मी पुन्हा येणार आहे, कारण माझ्या मते ते अर्ध्या वाटेवर थांबले.

त्याआधी गणितज्ञांकडे जरा वळू या. कामांचा क्रम कसा लावावा हा प्रश्न कारखान्यांनी त्यांच्यापुढे टाकला, आणि त्यांनी आधी उलटा प्रश्न विचारला: तुम्हाला नक्की काय कमी करायचंय? १९५५ मध्ये जॅक्सन यांनी दाखवलं की सर्वांत जास्त रखडलेल्या कामाचा उशीर कमीत कमी ठेवायचा असेल, तर मुदतीच्या क्रमानं कामं करावीत. पुढच्याच वर्षी स्मिथ यांनी, वाट पाहण्याचे एकूण तास कमी ठेवायचे असतील तर, महत्त्वाला लागणाऱ्या वेळानं भागून क्रम लावायला सांगितलं. सगळी कामं सारखीच महत्त्वाची असतील तर लहान आधी. एक तासाचं आणि चार तासांचं अशी दोन कामं घ्या. लहान आधी केलं तर वाट पाहणाऱ्यांचे तास १ आणि ५, म्हणजे ६. मोठं आधी केलं तर ४ आणि ५, म्हणजे ९. आणि चुकलेल्या मुदतींची संख्या कमीत कमी ठेवायची असेल, तर १९६८ मधली मूर यांची रीत आहे. मुदतीच्या क्रमानं कामं घेत जायचं, कुठे उशीर होतोय असं दिसलं की तोवर घेतलेल्यांपैकी सर्वांत वेळखाऊ काम बाजूला काढून शेवटी टाकायचं. तीन उद्दिष्टं, तीन वेगळे क्रम. आपल्या ॲपमधला लाल झेंडा यांपैकी कोणतं उद्दिष्ट धरून बसलाय, हे तो लावणाऱ्यालाही सांगता येणार नाही.

पण या तिन्ही रीतींत एक गृहीत आहे. कामं सुटी आहेत, एक दुसऱ्यावर अवलंबून नाही. ते गृहीत काढून घेतलं की गणित बदलतं. ज्या कामावर पुढचं काम टेकलेलं आहे, त्याची मुदत पुढच्या कामावरून मागे मोजत आणावी लागते. त्याची स्वतःची मुदत मग नावापुरती उरते. घरातली, ऑफिसातली, सरकारी कचेरीतली जवळजवळ सगळी कामं अशी एकमेकांत अडकलेली असतात.

याचं मला माहीत असलेलं सर्वांत स्वच्छ उदाहरण मंगळावर घडलं. ४ जुलै १९९७ रोजी नासाचं पाथफाइंडर यान तिथे उतरलं, सोजर्नर नावाची छोटी गाडी बाहेर आली, जगभर छायाचित्रं झळकली. काही दिवसांतच यानावरचा संगणक मध्येच स्वतःला बंद करून पुन्हा सुरू करू लागला. दर वेळी त्या दिवसाचं उरलेलं काम दुसऱ्या दिवसावर जायचं. त्या संगणकात कामांना प्राधान्यं दिलेली होती, आणि ती विचारपूर्वक दिलेली होती. यानाच्या भागांमधली माहितीची ने-आण सांभाळणारं काम वरच्या प्राधान्याचं. पृथ्वीशी संपर्कासारखी कामं मधली. हवामानाच्या नोंदी गोळा करणारं काम खालचं, अधूनमधून चालणारं.

गोम अशी होती की हवामानाचं काम आणि माहिती वाहणारं काम एक सामाईक साधन वापरत. ते एका वेळी एकाच्याच हाती असायचं, दुसऱ्यानं थांबायचं. एखाद वेळी हवामानाच्या कामानं ते हातात घेतलं, आणि सोडण्याआधीच मधलं एखादं काम उभं राहिलं. मधल्याचं प्राधान्य खालच्यापेक्षा जास्त, त्यामुळे संगणकानं नियमानुसार खालचं थांबवून मधलं चालू केलं. खालचं थांबलं, म्हणून साधन सुटेना. साधन सुटेना, म्हणून वरचं काम ताटकळलं. थोड्या वेळानं पहारेकरी घड्याळाच्या लक्षात आलं की महत्त्वाचं काम वेळेत झालेलं नाही, आणि त्यानं सगळा संगणकच पुन्हा सुरू केला.

या घटनेत एकही निर्णय नियमाबाहेर नव्हता. मधलं काम खालच्याच्या पुढे गेलं ते त्याच्या हक्कानं. फालतू कामानं कुणाची वाट अडवली नव्हती. तरीही एकूण परिणाम असा की सर्वांत महत्त्वाचं काम मधल्या कामांच्या मागे गेलं. संगणकशास्त्रात याला प्राधान्याचं उलटणं म्हणतात. त्यावरचा उपाय शा, राजकुमार आणि लेहोत्स्की यांनी १९९० मधल्या निबंधात सविस्तर मांडलेला होता: वरचं काम खालच्यापाशी अडलं की तेवढ्या वेळापुरतं खालच्याला वरच्याचं प्राधान्य द्यायचं; त्यानं साधन सोडलं की ते पुन्हा आपल्या जागी. यानावरच्या प्रणालीत ही सोय आधीपासून होती, त्या एका ठिकाणी बंद ठेवलेली होती. पृथ्वीवरच्या जुळ्या यंत्रणेवर बिघाड घडवून बघितल्यावर अभियंत्यांनी मंगळावर बदल पाठवून ती चालू केली. मग त्रास थांबला.

सॉफ्टवेअर चमूचे प्रमुख ग्लेन रीव्ह्ज यांनी नंतर लिहिलेल्या हकिगतीतली एक गोष्ट मला फार बोलकी वाटते. हा बिघाड उड्डाणाआधीच्या चाचण्यांत दिसला होता. शोधायला गेल्यावर तो पुन्हा घडेना, आणि तेव्हा सगळ्यांचं लक्ष यान सुखरूप उतरवण्याच्या सॉफ्टवेअरवर होतं. तेही रास्तच होतं.

आता मंगळावरून साताऱ्याकडच्या एखाद्या गावात या. वडील गेले. मुलगा पुण्यात नोकरीला. जमिनीवर वारसांची नावं लावायची आहेत. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमाप्रमाणे असा हक्क मिळाल्याची वर्दी तीन महिन्यांत तलाठ्याकडे द्यायची असते. मग वारस नोंदवहीत, म्हणजे गाव नमुना ६-क मध्ये चौकशी, फेरफार, नोटीस, मंडळ अधिकाऱ्याची मंजुरी, आणि शेवटी सातबाऱ्यावर नाव. ते नाव लागल्याशिवाय पीककर्ज अडतं, वाटणी अडते. मुलगा शहाणा आहे, नीटनेटका आहे. त्यानं फोनमध्ये ‘वारस नोंद’ असं लिहून लाल झेंडा लावलाय.

अडलंय कुठे? सातबाऱ्यावर वडिलांचं नाव ‘दत्तू’ आहे, मृत्यूच्या दाखल्यावर ‘दत्तात्रय’. दोन्ही नावांचा माणूस एकच, असं प्रतिज्ञापत्र करायचंय, आणि जोडीला वडिलांच्या शाळेचा जुना दाखला शोधायचाय. ते काम यादीत तळाशी आहे, ‘कधीतरी’ या रकान्यात, कारण स्वतःहून त्याला काहीच वजन नाही. कोणत्याही दिवशी बघा, त्याच्यापेक्षा महत्त्वाचं काहीतरी समोर असतंच. तिमाही अहवाल, सोसायटीच्या मेंटेनन्सचा हिशेब, गाडीचं सर्व्हिसिंग. रोज तुलना होते आणि रोज प्रतिज्ञापत्र हरतं, रास्तपणे हरतं. तीन महिने जातात, वर्ष जातं. लाल झेंडा आपल्या जागी फडकत राहतो. असं घर महाराष्ट्रात शोधायला लांब जावं लागत नाही.

म्हणून मला वाटतं की ‘ब’ वर्गाकडे जास्त संशयानं बघायला हवं. फालतू कामांविरुद्ध भरपूर लिहिलं गेलंय; मोबाइलमध्ये वेळ घालवू नका हे सगळ्यांना कळतं. मधल्या दर्जाची, अगदी योग्य, करायलाच हवीत अशी वाटणारी कामं मात्र बिनबोभाट पुढे सरकतात, कारण ती करताना अपराधी वाटत नाही. दिवसअखेर दहा ‘ब’ उरकल्याचं समाधानही मिळतं.

ॲलन यांच्या पुढच्या कृतीच्या आग्रहामुळे प्रतिज्ञापत्र निदान यादीत येतं, आणि तो मोठाच फायदा आहे. मासिकाम्पो आणि बाउमाइस्टर यांच्या २०११ च्या अभ्यासात दिसलं की अपूर्ण कामाचा नेमका बेत ठरवला, तर ते काम डोक्यात टोचत राहणं थांबतं, काम झालेलं नसलं तरी. पण टोचणी थांबणं आणि काम मार्गी लागणं एकच नव्हे. यादीत आलेली ती कृती इतर शंभर कृतींच्या रांगेत उभी राहते, तिच्या मागे जमिनीचा व्यवहार खोळंबलाय हे रांगेला दिसत नाही. ते दिसायला हवं. लाल झेंडा ‘वारस नोंद’वरून काढून ‘प्रतिज्ञापत्र’वर लावायला हवा, आणि ते झालं की तिथून काढून पुढच्या अडसरावर. झेंडा एकच, आणि तो हलता. मोठ्या कामाच्या नावापुढे तो कायमचा रोवून ठेवण्यात काही अर्थ नाही.

यावर कुणी म्हणेल की अशानं सगळीच बारीक कामं महत्त्वाची होऊन बसतील. तसं होत नाही. अ-ब-क विसरून प्रत्येक बारीक कामाला विचारा की तुझ्यामुळे कोण थांबलंय. बहुतेकांकडे उत्तर नसतं. ती खुशाल खोडून टाकावीत. लेकिन यांचा खणही मग लागत नाही. संगणकशास्त्रात खालच्या प्राधान्याच्या कामांची उपासमार होऊ नये म्हणून वाट पाहण्याच्या वेळाप्रमाणे त्यांचं प्राधान्य वाढवत नेण्याची युक्ती आहे. माणसाच्या यादीत ती नको. तीन वर्षं पडून असलेलं काम केवळ जुनं झालं म्हणून वर येऊ लागलं, तर यादी आपल्या मागच्या इच्छांची गुलाम होते.

शिक्का जिथे खरोखर चालतो अशी जागाही आहे. नेपोलियनच्या सैन्यातले शल्यवैद्य दोमिनिक लारे यांनी जखमींची वर्गवारी हुद्दा न बघता जखमेच्या गांभीर्यावरून लावली, आणि आजच्या अपघात विभागातली पद्धत त्याच वाटेनं आली. ती चालते याचं कारण वर्गवारी करणारा स्वतः रुग्ण नसतो, आणि ती पुन्हा पुन्हा तपासली जाते. दुपारी हिरवा असलेला रुग्ण तासाभरात लाल होऊ शकतो, हे तिथे धरूनच चालतात. आपण सोमवारी लावलेला रंग सहा महिने तसाच वागवतो.

आता सुरुवातीच्या दोन वाक्यांतल्या दुसऱ्याकडे: ते बारीक काम पुष्कळदा दुसऱ्याच कुणाच्या अंगावर टाकलेलं असतं. वेळेच्या नियोजनावरची पुस्तकं वाचताना मला सतत जाणवतं की ती एका विशिष्ट माणसासाठी लिहिलेली आहेत, ज्याचा दिवस त्याच्या मालकीचा आहे. आयझेनहॉवर यांच्या नावाच्या चौकटीच्या प्रचलित रूपात एक घर ‘तातडीचं पण बिनमहत्त्वाचं’ असतं आणि त्यात सूचना असते की हे दुसऱ्यावर सोपवा. ज्याच्यावर सोपवलं, त्यानं कुणावर सोपवायचं?

आपल्या घरांत या प्रश्नाला आकडे आहेत. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयानं २०१९ मध्ये देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. सहा वर्षांवरच्या स्त्रियांपैकी ८१.२ टक्के घरातलं विनामोबदला काम करत होत्या, पुरुषांपैकी २६.१ टक्के. जे करत होते त्यांचा दिवसाचा सरासरी वेळ असा: स्त्रिया २९९ मिनिटं, पुरुष ९७ मिनिटं. म्हणजे तिचे जवळपास पाच तास. हे पाच तास कुठल्या ॲपमध्ये दिसत नाहीत. त्यांत स्वयंपाक, धुणं, झाडलोट आहे. त्यात गॅसचा नंबर लावणं, सासऱ्यांच्या गोळ्या संपत आल्याचं लक्षात ठेवणंही मिसळलेलं. वर्गवारीला बसवलं तर यातलं एकेक ‘क’ ठरेल. आणि घरातल्या ज्या कुणाला सकाळी दोन तास दार लावून ‘अ’ दर्जाचं काम करता येतं, ते याच कामांच्या आधारावर.

हे मंगळावरच्या बिघाडासारखंच आहे. वरच्या प्राधान्याच्या माणसाला जे हवं ते खालच्या प्राधान्याच्या माणसाच्या हाती असतं, आणि त्या माणसाला मधे कुणीही थांबवू शकतं. दारावरची बेल, शाळेचा मेसेज, पाहुण्यांचा चहा. मग अडलं की दोष तिलाच येतो: एवढंसं काम होतं, तेही झालं नाही. ऑफिसातही पाहा. महिन्याच्या शेवटी मोठा अहवाल ज्या नोंदींवर अडतो, त्या कनिष्ठ कारकुनाकडे असतात, आणि त्याला दिवसभर सगळ्यांनीच ‘अर्जंट’ म्हणून कामं लावलेली असतात.

इथे उपदेशापेक्षा तीच तरतूद लागेल जी अभियंत्यांनी केली. ज्याचं मोठं काम अडलंय त्यानं आपलं वजन अडकलेल्या माणसामागे उभं करावं. साहेबानं कारकुनाला आणखी एक स्मरणपत्र धाडण्याऐवजी त्याच्या अंगावरची बाकीची अर्जंट कामं दोन तासांसाठी स्वतः थोपवावीत. तो अधिकार साहेबाकडे आहे, कारकुनाकडे नाही. घरात तर त्याहून सोपं आहे. तिचं काम होईपर्यंत बेल आपण बघावी, किंवा ते कामच आपल्या यादीत घ्यावं, उपकार म्हणून नव्हे तर आपल्याच ‘अ’ कामाचा भाग म्हणून. ज्या पद्धतीत दुसऱ्याच्या हातातल्या कामासाठी जागा नाही, ती पद्धत अपुरी आहे, मग तिच्यात कितीही रंग असोत.

तेव्हा वाचकांना एक विनंती. यादीतलं सर्वांत जुनं लाल काम आज बाहेर काढा. ते कोणत्या बारीक कामापाशी थांबलंय ते लिहा, आणि त्या बारीक कामापुढे माणसाचं नाव घाला. नाव आपलं असेल तर या आठवड्यातला एक कामाचा दिवस त्याला द्या, अहवाल आणि सर्व्हिसिंग बाजूला ठेवून. नाव दुसऱ्याचं असेल तर त्या माणसाकडे जा आणि विचारा, तुझ्या डोक्यावरचं काय मी उचलू?